पाठीमागची जागा

कारखान्यात त्याला सगळे गादी म्हणत. टेबल टेनिस खेळताना तो टेबलापासून चांगला मागे उभा राहायचा आणि समोरच्याचे फटके निमूट परतवायचा. "याला मारून मारून आपलाच खांदा उतरतो," असं पॅकिंगवाले म्हणत. त्यानं स्वतः मारलेला एखादा फटका कुणाला आठवत नसे.

घरात तो आणि म्हातारी आई, दोघंच. आई रात्री उठायची आणि दार उघडून कुठल्यातरी जुन्या घराकडे चालू लागायची. कारखान्याच्या संघात असलेल्यांना कायम दिवसपाळी मिळे. गादीला संघातली जागा हवी होती ती एवढ्यासाठी. चषक-बिषक गेले उडत.

यंदा त्या जागेवर नव्या इलेक्ट्रिशियननं हक्क सांगितला. संघाचं सगळं फोरमन बघायचा, त्यानं दोघांचा सामना लावला. इलेक्ट्रिशियनचा टॉपस्पिन जबर. चेंडू टप्पा घेताच अंगावर झेपावायचा. अशा चेंडूला घाई चालत नाही. मागे सरायचं, त्याचा जोर ओसरू द्यायचा, तो गुडघ्यापाशी उतरला की मूठ सैल ठेवून बॅकहँडनं वरून खाली कापायचा. वरच्यावर गाठायला गेलात तर तो बॅटवरून उडालाच. गादीला हे झोपेतही ठाऊक होतं.

पण गोदाम गळायला लागल्यापासून माल हॉलमध्ये आला होता. टेबलामागे खोक्यांची भिंत. सरावात गादीची टाच, कोपर, कंबर सगळं शेकून निघालं. मग तो पुढेच उभा राहून चेंडू चढता असतानाच कापू लागला. समोर पॅकिंगवाले असायचे, त्यांच्या फटक्यांत दम नव्हता, म्हणून निभावलं.

सामन्याच्या दिवशी फोरमननं खोकी हलवून हॉल झाडून घेतला होता. मागे मोकळं रान. पहिला टॉपस्पिन आला. मागे जायला हवं हे गादीला कळत होतं, पाय मात्र जागचे हलेनात. त्यानं मूठ आवळली, कापलं, आणि चेंडू छताकडे गेला.

"अरे, मागे हो की! कुणी धरलंय का तुला?" एक पॅकिंगवाला ओरडला.

"लग्न लागलंय त्याचं टेबलाशी," दुसरा म्हणाला.

मध्येच एकदा तो सरला मागे, पण मान वळवून बघत बघत. तेवढ्यात चेंडू बाजूनं निघून गेला.

हरल्यावर फोरमन जवळ आला. "सोमवारपासून रात्रपाळी बघ. आईचं काय करशील? बहिणीकडे ठेव ना."

"तिचं तिलाच पुरे झालंय, साहेब. बघतो काहीतरी."

रविवारी संध्याकाळी तो दाराला बाहेरून कडी बसवत होता. आई उंबरठ्यावर बसून ओंजळीतले स्क्रू एकेक करून त्याच्या हाती देत होती.

"उलटी बसवतोयस, मेल्या," ती म्हणाली. "इकडून लावली तर आतल्या माणसानं बाहेर कसं यायचं?"

"स्क्रू दे, आई."

तिनं दिला.