बिनशर्टाची शेगडी

आमच्याकडे बाळंतपण म्हटलं की शेगडी आलीच. बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि लसणाची सालं, आणि त्या धुरात खोकणारं अख्खं घर. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्या गावी, चामोर्शीजवळ, आली तेव्हा मी निदान एवढ्यापुरता तयार होतो. धावड्याच्या लाकडाचे कोळसे पोतंभर भरून ठेवले होते. नात कोळशांसाठी थांबली नाही. दिवस भरायच्या कितीतरी आधीच, गडचिरोलीच्या दवाखान्यात, आईचं पोट कापून बाहेर आली आणि थेट काचेच्या पेटीत गेली.

मी तिला काचेतूनच पाहिलं. माझ्या दोन तळहातांत मावली असती. नाकात नळी, पायाला तार, आणि टोपी इतकी सैल की टोपीच जास्त दिसायची. जावई होते तोवर ते काचेला नाक लावून उभे असत. मग त्यांना कामावर जावं लागलं. श्वासाची नळी निघाली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता हिला अंग गरम ठेवता आलं आणि वजन वाढलं, तर घरी." 'तर'वर त्यांनी काही जोर दिला नव्हता. मला मात्र तेवढाच ऐकू आला.

गरम ठेवायचं, हे काम माझ्या आवाक्यातलं होतं. दुसऱ्या दिवशी पोतं आणि शेगडी घेऊन मी एसटीत बसलो. दवाखान्यामागच्या कडुनिंबाखाली कोळसे फुलवले, वर ओवा टाकला आणि शेगडी उचलून ऐटीत व्हरांड्यात चढलो. चौकीदार धावतच आला.

"अवो भाऊ, कुठी घेऊन चालले? आत ऑक्सिजन हाये जी!"

"थोडासाच शेक देतो. लगेच येतो."

"शेक? अख्खा दवाखाना शेकून काढान ना तुमी!"

आवाज ऐकून सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या फुगलेल्या गालाकडे जरा जास्तच पाहिलं.

"ती विझवा. तोंडातला खर्रा थुका. आंघोळ करा, नखं कापा आणि या. आईला ताप आहे, आजीला खोकला. बाळाला शेगडी आता तुम्हीच."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण तासाभरात मी पडद्याआड, तिरप्या खुर्चीत, कमरेवर उघडा बसलो होतो. त्यांनी नातीला माझ्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे हातपाय दुमडून, आणि वरून कापड बांधलं. हलायचं नाही, म्हणाल्या. माझ्या अंगाची ऊब तिला, बस, एवढंच. दारातून बायकोने एकदा पाहून घेतलं. "एवढ्या वर्षांचं पोट आता कुठी कामाले आलं," म्हणाली आणि पदराने डोळे पुसून खोकत निघून गेली.

लग्नात हार घालतानाही मी स्थिर उभा राहिलो नव्हतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याशिवाय तर एक सकाळ गेली नव्हती. त्या खुर्चीत मात्र पाठीला मुंग्या येवोत की नाकावर माशी बसो, मी दगड. आणि तेव्हापासून मी अजून खर्रा खाल्लेला नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण घरी कोणी विचारतच नाही.

मुलीचा ताप उतरला, तसा दिवसभराचा मान तिचा. पोटावरचे टाके ओढत असतानाही ती तासन्‌तास बाळाला छातीशी घेऊन बसायची. मला तिच्या जेवणाची आणि दूध काढायची वेळ, तेवढीच मिळायची. इंजेक्शन दिसलं की शाळेच्या भिंतीवरून उडी मारणारी ही पोरगी. आता थेंब थेंब दूध वाटीत जमवायची, आणि एक थेंब बाहेर पडला तर माझ्याकडे असं पाहायची जणू मीच सांडला.

एका दुपारी बाळ माझ्याकडे होतं, मुलगी शेजारी पाठमोरी बसून दूध काढत होती. मी नातीला मोहफुलं वेचायच्या दिवसांत माझ्या मागे लागलेल्या अस्वलाची गोष्ट सांगत होतो. (अस्वल खरंतर दुसरीकडेच चाललं होतं.) मी झाडावर चढतो न चढतो, तोच मुलगी म्हणाली, "बाबा, गप."

मला वाटलं, अस्वलाचा कंटाळा आला. पण ती वाटी ठेवून उठली होती. कापडात बोटं घालून तिने बाळाचा तळपाय धरला आणि चोळायला लागली. तेव्हा मला कळलं, माझ्या छातीवर जी इवलीशी हालचाल असायची, ती नव्हती. पायाच्या तारेचं मशीन वाजलं ते नंतर. "श्वास घे वो माय," ती हळूच म्हणत होती, "विसरली का तू? घे." हात तळपाय चोळतच राहिला. सिस्टर पोचेपर्यंत नात चिडून रडली होती. मीही.

"बरोबर केलं," सिस्टर तिला म्हणाल्या. "शिकवलं होतं तसंच."

मुलीने मान हलवली, वाटी पाहिली. सांडली नव्हती. त्या दिवशी पडद्याआड दुसरं कोणी नव्हतं म्हणून, नाहीतर मी सगळ्यांना सांगितलं असतं, ही माझी पोरगी.

त्यानंतर नात काही दिवस पुन्हा पेटीत गेली, पुन्हा आमच्याकडे आली, आणि एका सकाळी डॉक्टरांच्या बोलण्यात 'तर' राहिला नाही.

घरी पोचलो तर अंगण बायांनी भरलेलं, बाजेखाली शेगडी धगधगत, ओव्याचा धूर ओसरीपर्यंत. मुलगी उंबऱ्यातच थांबली.

"शेगडी बाहेर काढा, माय. धूर चालत नाई हिले."

"मंग पोट्टीले शेकाचं कसं वो?" शेजारीण म्हणाली.

मुलीने अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, शर्ट काढा."

बायकोने स्वतः शेगडी उचलून बाहेर नेली आणि तिच्यावर सगळ्यांसाठी चहा ठेवला. मी गावच्या निम्म्या बायांसमोर उघडा बसलो होतो, नात छातीवर झोपलेली. माझ्या कपावर साय धरली. कोणी घ्या म्हणालं, मी डोळ्यांनीच नाही म्हटलं. हलायचं नसतं, हे त्यांना काय माहीत.