पाच पाहुण्यांचे तेवीस

माझ्या आतेबहिणीचा, माधुरीचा, साखरपुडा मोडता मोडता राहिला, आणि त्याला कारण म्हणजे मी शिकलेला आहे.

मी वाशीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. (म्हणजे पत्ते टाइप करतो. पण आत्याच्या गावी, आगरदांड्याला, हे कोणी विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.) आत्या म्हणाली, "खाडीपल्याडची, दिघीची, नवऱ्याकडची किती मानसं येनार, फोन करून इचारते."

मी कीव आल्यासारखं हसलो. "आत्या, आता फोन कोण करतं? मी फॉर्म बनवतो."

फॉर्ममध्ये दोनच चौकटी. घर कोणाचं आणि माणसं किती. मोठी आणि लहान वेगळी कळावीत म्हणून '२+३ असं लिहा' ही सूचनाही माझीच. लिहिलेलं सगळं लिंकच्या शेपटीला चिकटून माझ्याकडे यायचं. आकड्यांमधल्या मोकळ्या जागा आपोआप निघून जाव्यात, ही सोयही मी केली होती. तिचा मला विशेष अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी उत्तरं आली. मी वाचून दाखवली. "नवऱ्याच्या घरचे तेवीस. त्याच्या मामाकडचे एक्केचाळीस. त्याच्या आत्याकडचे अकरा."

"ती नि तिचा नातू, दोघंच ऱ्हातात की."

"शेजारी आणत असतील."

"परत बघ, बाबा."

"आत्या, कॉम्प्युटर चुकत नाही." (चुकणारा समोरच बसला होता.)

आत्याने अंगणाकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं आणि सरळ विहीणबाईंना फोन लावला. "पंच्याहत्तर मानसं म्हंजे साखरपुडा हाय का लगीन?"

"आम्ही बारा जण येतोय," विहीणबाई म्हणाल्या.

"हितं तसं लिवलेलं न्हाय."

"म्हणजे आम्ही खोटं बोलतोय?" पलीकडचा आवाज थंड झाला. "बारा माणसं जड होत असतील तर सांगा. बोटीची खेप वाचेल."

फोन बंद झाला. माधुरी रडली नाही. तिने नवऱ्या मुलाला फोन केला, दोन मिनिटं बोलली आणि माझ्याकडे वळली.

"दादा, तो म्हणतो दोन अधिक तीन लिहिलं होतं. अधिक कुठे गेलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लिंकच्या शेपटीत अधिक चिन्हाला मोकळी जागा समजतात. खरं अधिक पाठवायचं तर ते %2B असं लिहून पाठवावं लागतं. मी पाठवलं नव्हतं. म्हणून दोन आणि तीनमध्ये जागा पडली, आणि ती जागा माझ्या लाडक्या सोयीने काढून टाकली. पाचाचे तेवीस झाले.

"म्हंजे तुला बेरीज येत न्हाय," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीबोटीने माझी दिघीला रवानगी झाली, माफी मागायला. विहीणबाईंना मी अर्धा तास %2B समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"

"मामेभाऊ."

"सख्खे?"

"हो."

त्यांनी माझी रिकामी कपबशी उचलली. "असू दे. मुलगी चांगली आहे."

साखरपुडा झाला. बरोबर बारा माणसं आली. जेवणाची पानं मोजायला आत्याने मला कागद-पेन्सिल देऊन दारात उभं केलं. आमच्याकडचे, त्यांच्याकडचे, आचारी, भटजी, सगळे मोजले. दोनदा ताळा केला. शेवटच्या पंगतीला बसायला गेलो, तर एक पान कमी. मी स्वतःला धरलंच नव्हतं.