न काढलेला गोल

डॉ. कुसुमताई कडू यांच्या नागपुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी पंचवीस वर्षं नंबर लावतेय. ताई पेशंटवर तडकतात, माझ्यावर त्याहून जास्त. पण घराण्यातून चालत येणारे डोळ्यांचे आजार हा विषय निघाला की तहानभूक विसरतात. पूर्वी दर रविवारी एसटीने गावोगाव जाऊन वंशावळी काढायच्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नजर गेली की आत काळं.

उमरेडला रुपराव विणकराकडे मी सोबत होते. त्याच्या दोन्ही मुलांना सांज झाली की दिसेनासं व्हायचं. ताईंनी विचारलं, मुलं किती? "दोन," तो म्हणाला. तेवढ्यात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाण्याचा गडवा घेऊन आली. ताईंनी पेन्सिल उचलली.

"तिले नका धरू मॅडम," रुपराव म्हणाला. "तिचे डोळे चांगले आहेत. बात फैलली त कोण करन तिले?"

हा आजार आईकडून मुलग्यात उतरतो. मुलीची नजर शाबूत राहते, पण तिच्या पोटी तो पुढे जाऊ शकतो. ताईंना हे पाठ होतं. तरी बापाचा चेहरा पाहून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला तेव्हा ते भलेपण वाटलं. आता राग येतो, त्यांचा आणि माझाही.

त्या मुलीची आठवण ताईंना सोडेना. कुणी पाणी घेऊन आलं की दचकायच्या. मध्येच म्हणायच्या, "लग्न झालं असेल गं तिचं." दोनदा उमरेडला निघाल्या आणि बसस्टँडवरून परत आल्या.

सतरा वर्षांनी, गेल्या दिवाळीनंतर, ती आली. प्रेमिला. सोबत सात वर्षांचा मुलगा, कडेवर मुलगी. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत मुलगा खुर्चीला धडकला. ताईंना तिथेच कळलं, तरी त्यांनी तासभर तपासलं.

"माह्या दोघा भावायचं ठाऊक होतं मले," प्रेमिला म्हणाली. "पण बाबा म्हणे, तुले काही धोका नाही, डॉक्टरीणबाईनं तुले कागदावर घेतलंच नाही." मग तिने विचारलं, "पाणी मीच आणलं होतं. तुम्ही पाहिलं होतं ना मले?"

"पाहिलं होतं," ताई म्हणाल्या. "मला माहीतही होतं."

प्रेमिलाने कडेवरची मुलगी टेबलावर बसवली.

"हिले कागदावर काढा," ती म्हणाली. "माह्यासमोर काढा."