बोर्डवरचा नियम तासभरही टिकला नाही

मंडळी, मुलुंडमध्ये माझा वेबसाइट बनवायचा छोटा स्टुडिओ आहे. गेल्या दोन महिन्यांत दोघं सोडून गेले. जाताना दोघांनी एकच सांगितलं: तू फोनवर क्लायंटला काहीही कबूल करतोस आणि निस्तरायचं आम्ही.

म्हणून आज सकाळी नीलिमासकट उरलेल्या तिघांना समोर बसवून सांगितलं, यापुढे क्लायंटशी फक्त नीलिमा बोलणार. मी एकही फोन घेणार नाही. बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहिलंसुद्धा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. घाटकोपरचे फरसाणवाले काका, आमचे सगळ्यात जुने क्लायंट. सवयीने उचलला. त्यांना सगळी साइट गुजरातीतही हवी होती, शनिवारपर्यंत.

"हो काका, होऊन जाईल," मी म्हणालो.

फोन ठेवला. नीलिमा उठली आणि तिने बोर्ड पुसून टाकला.

"अगं, राहू दे ना," मी म्हणालो.

"नको रे. वाचून उगाच आशा लागते."

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. आता गुजराती साइट तीच करत बसलीय.

तुम्हीच सांगा, ते दोघं गेले, पण खरं तर कुणी जायला हवं होतं?