आतोबांचं होमोसिस्टीन

डास सोडले, तर समोरच्या माणसाच्या रक्तात आमच्या आतोबांइतका रस घेणारा जीव अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्त झाले आणि रंग तपासणारा माणूस नातेवाईक तपासायला लागला. साखरपुडा असो की बारसं, आहेराचं पाकीट देऊन झालं की ते यजमानाला कोपऱ्यात घेणार आणि विचारणार, "होमोसिस्टीन केलंत का कधी?" एकदा एक गृहस्थ गोंधळून म्हणाले, "नाही हो, यंदा नुसतं केदारनाथ केलं." झालं, आतोबांचं निरूपण सुरू. "अहो, जेवणातल्या प्रोटीनपासून ते शरीरातच तयार होतं. बी-ट्वेल्व्ह आणि फोलेट पुरेसं असलं की त्याची विल्हेवाट लागते. नसलं की मोरी तुंबल्यासारखं साचतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतं. मग हृदय आहे, मेंदू आहे!" एवढं सांगून ते शांतपणे मठ्ठा पिणार, आणि त्या गृहस्थांची जिलबी हातातच राहणार. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून पालकावरचं झाकण उचलतील आणि ओरडतील, "किती शिजवताय? फोलेट मेलं सगळं!" आत्या म्हणते, "आमच्या ह्यांना माणसाचं नाव आठवत नाही, पण त्याचं बी-ट्वेल्व्ह तोंडपाठ."

मी त्यांना फार हसायचे. मग काही वर्षांपूर्वी गौरी जेवणाच्या दिवशी ते आणि आत्या डोंबिवलीला आमच्याकडे आलेले. आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखत नाहीत, आणि आईचा हात असा की न चाखता मीठ कधी चुकलं नाही. त्या दिवशी अळूच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि मी पाण्याचं भांडंच उचललं. नुसतं मिठाचं पाणी! पण सणाचं ताट, वाढणारी आई, बोलणार कोण? आम्ही सगळे शहाण्यासारखे भातात कालवून गिळत होतो. माझा भाऊ तर "मस्त झालीय" म्हणून मोकळा झाला. आतोबांनी मात्र घास तिथेच ठेवला. "वहिनी, मीठ दोनदा घातलंत."

पंगत गार. आईचा चेहरा एवढासा झाला. "भाजीचं मला काही नाही," आतोबा म्हणाले. "पण रिक्षाने आलात का, हे तुम्ही मला आल्यापासून पुन्हा पुन्हा विचारताय. पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, असं फोनवर हिला सांगितलंत. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं." मी जाम चिडले. "आतोबा, आज सणाच्या दिवशी हे?" तर म्हणतात कसे, "सणाच्या दिवशीच कळलं, त्याला मी काय करू?" ते गेल्यावर ताटं पुसता पुसता आईने हळूच विचारलं, "मी वेडी होत चाललेय का गं?" गॅस चालू राहायचा, तीच गोष्ट परत सांगायची, आणि आम्ही वय म्हणून सोडून देत होतो. तिला मात्र आतून कळत होतं, आणि ती एकटीच घाबरत होती.

सकाळी लॅबचा माणूस आला, त्याच्या पाठोपाठ कल्याणहून आतोबा, हातात बर्फ भरलेला थर्मास. हे रक्त तसंच ठेवलं की आकडा आपोआप चढतो, म्हणे. लॅबवाला म्हणाला, "काका, मला अजून घरं करायचीत, मग शीळफाट्याला जायचंय." आतोबा म्हणाले, "घरं नंतर." नळी थर्मासात, थर्मास मांडीवर आणि आतोबा त्याच्या स्कूटरवर मागे. विसर्जनाच्या गर्दीत ढोलताशांमधून "बाजूला व्हा, रक्त आहे!" असं ओरडत गेले. लोक घाबरून खरंच बाजूला झाले. आत्याने मात्र त्या थर्मासात परत कधी मठ्ठा भरला नाही.

होमोसिस्टीन भलतंच वाढलेलं निघालं आणि बी-ट्वेल्व्ह तळाला. शाकाहार, वर उपास, त्यावर वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या. डॉक्टर म्हणाल्या, "होमोसिस्टीन वाढलं म्हणजे झटका येणारच असं नाही, आणि कमी केलं म्हणजे सगळे धोके टळले असंही नाही. पण बी-ट्वेल्व्ह कमी पडून विसरायला होत असेल, तर तुम्ही वेळेत आलात." इंजेक्शनं सुरू झाली. आई हळूहळू परत आली. मधले काही महिने तिच्या डोक्यातून गेले ते गेलेच. पण एका दुपारी पाडताना माझी चकली मोडली म्हणून तिने मला खणखणीत सुनावलं, आणि मी बाथरूममध्ये जाऊन आनंदाने रडले. आमची आई आम्हाला त्या तोंडाळ माणसामुळे परत मिळाली. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

तरी आईला घेऊन कल्याणला गेले, आभार मानायला. आतोबा म्हणाले, "आमचे वडील, अण्णा, मोहन्याच्या घरात असेच विसरत गेले. सगळे म्हणाले, वय झालं. मीसुद्धा. तपासलं असतं तर वाचले असते की नाही, देव जाणे, पण तपासलंच नाही. शेवटी मलाच विचारायचे, आपण कोण? आता डोळे मिटले की तेच अण्णा दिसतात. आधीचे समोर येतच नाहीत, वहिनी."

"मला येतात की," आई म्हणाली. "वन्संच्या लग्नात मी नवी सून. मांडवात तुम्हाला घामाच्या धारा लागलेल्या. अण्णा सगळ्यांवर ओरडत होते, माझ्या पोराला पंख्याखाली बसवा. कुणी ऐकेना, तेव्हा पत्रावळ घेतली आणि स्वतःच तुम्हाला वारा घालत उभे राहिले. विहीणबाई हसल्या, तरी हात थांबला नाही त्यांचा."

आतोबा खुर्ची ओढून तिच्या जवळ बसले आणि लहान मुलासारखं विचारलं, "अजून काही आठवतं, वहिनी?"

"आठवतं ना भाऊजी," आई म्हणाली. "बसा, सांगते."