कातळावरची पिल्लं

हडपसरची शेतं जाऊन काचेच्या इमारती उठत होत्या, तेव्हा मी एका कॉम्प्युटर कंपनीच्या गेटावर वॉचमन होतो. शाळा तिसरीपर्यंतच, पण डोंगरातलं मला कोणी शिकवावं, हे कधी खपलं नाही. तिथल्या एका इंजिनीअर बाईंना बेडकांचा नाद. माझं गाव मुळशीकडचं, हे कळल्यावर म्हणाल्या, "काका, तुमच्या ओढ्याला अंगठ्याएवढा बेडूक असतो. दाखवाल?"

"दाखवीन की. पायाखालचा ओढा हाय माझ्या."

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी त्यांच्या गाडीतून गेलो आणि रानात शिरलो. ओढ्याकाठी उभा कातळ, त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा, खाली काळा डोह. बाईंनी कातळाकडे बोट केलं. "ही बघा पिल्लं."

कातळाला बारीक काळ्या शेपट्या चिकटल्या होत्या.

"अळ्या हायत त्या. बेडकाची पिल्लं पाण्यात पोहतात."

"ही नाही पोहत, काका. ओल्या कातळावरच राहतात."

"थांबा. एक धरूनच आणतो."

"आधी दोरी बांधा." त्यांनी पिशवीतून दोरी काढली.

"दोरी म्हशीला बांधतात, ताई."

कातळावरून चार पावलं आडवा गेलो. पाचव्याला शेवाळावरून पाय सटकला. कारवीचं झुडूप हाताला लागलं म्हणून अडकलो. डावा पाय बोटभर खाचेत, उजवा अधांतरी. आणि मला पोहता येत नाही. हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. गावातही कोणाला ठाऊक नव्हतं.

"काका, ठीक आहात ना?"

"ठीक हाय." आवाज शेळीसारखा निघाला.

"मग या मागे."

"येतो की."

कसला येतोय. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. पापुद्रा जाड झाला, गढूळ पाणी मनगटावरून बाहीत शिरलं. कारवीचं मूळ कुरकुरलं. छाती अशी धडधडत होती की तिच्याच धक्क्यानं मी खाली जाईन असं वाटलं. देवाचं नाव आठवेना. खाली बघवेना, म्हणून समोर बघत राहिलो. नाकापासून वीतभरावर ती पिल्लं होती. एकाला शेपटीच्या मुळाशी दोन पाय फुटलेले. वाढत्या पाण्यात ते शेपटी आपटत वर सरकलं. अळीला असले पाय नसतात.

मूळ पुन्हा कुरकुरलं.

"ताई," मी म्हणालो, "मला पोहता येत नाही. दोरी टाका."

त्यांनी लगेच दोरीचं एक टोक झाडाला बांधलं, दुसऱ्याचा फास करून फेकला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा आला; एकेक हात सोडून मी तो काखेत घेतला. ते एकेक हात सोडणं आजही झोपेतून उठवतं.

बाईंनी दोरी ओढत मला काठावर घेतलं. बाईंचे हात सोलले होते.

त्या म्हणाल्या, "अळ्याच होत्या का, काका?"

"दोन पाय होते."

"नीट बघितले?"

"दुसरं काम काय होतं मला तिथं?"

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. झाडाची गाठ त्यांनी सोडली, पण काखेतला फास मी गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.