काकूनं निवडलेला किनारा

आमच्या घरात तोवर कुणीच समुद्र पाहिला नव्हता. बंगळूरच्या शिवाजीनगरात आमचं कापडाचं दुकान, दुकानाच्या मागंच घर, आणि त्या घरात तीन भावांचे संसार. अण्णा म्हणजे माझे मोठे काका, घरातले सगळ्यांत थोरले. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात राहिल्यामुळं आमची मराठी कन्नडात चांगली मुरलेली होती. एखादी गोष्ट ठरली की अण्णा मांडीवर थाप मारून 'सरी', म्हणजे 'ठीक', म्हणायचे. ते 'सरी' म्हणाले की पुढं कुणी बोलायचं नाही.

गोवा नुकतंच मोकळं झालं होतं, त्यानंतरची संक्रांत. तिळगूळ वाटता वाटता अण्णांनी जाहीर केलं, "यंदा उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून समुद्रावर जायचं. दोघी बहिणींनाही मुलाबाळांसकट बोलवायचं."

आम्ही मुलं नाचायलाच लागलो. मग आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. धाकट्या काकांना मद्रास हवं होतं, माझ्या आईला मंगळूर, कारण तिथं म्हणे भात चांगला मिळतो. गोव्याचं नाव निघालं तेव्हा अण्णांनी "तिथं अजून सगळी घडी बसायचीय" म्हणून ते मोडीत काढलं. शेवटी कारवारच्या बाजूचा किनारा ठरला. तिकडं आपली भाषा चालते आणि माशांच्या वासापासून दूर, सुटं घर मिळतं, असं दुकानात येणाऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. दोन जागा सुचवलेल्या होत्या. आधी बघून यायचं आणि मग एक पक्की करायची, असं ठरलं.

बघायला जायचं अण्णांनी आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी. एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठं होणार, विहीर कशी आहे, हे बघायला काकू, म्हणजे अण्णांची बायको. आणि काकूला सोबत म्हणून मी. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते.

काकूबद्दल सांगण्यासारखं तेव्हा माझ्याकडं फारसं काही नव्हतं. ती चिकोडीकडची, कृष्णेच्या काठच्या एका खेड्यातली. लहानपणीच लग्न होऊन बंगळूरात आली, ती पुन्हा माहेरी फारशी गेली नाही. सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवायची. बोलायची इतकं हळू की पलीकडच्या खोलीत तिचा आवाज जात नसे. अण्णांसमोर तर ती 'हो' आणि 'बरं' याखेरीज काही बोलल्याचं मला आठवत नाही.

रेल्वेनं हुबळी आणि तिथून बसनं घाट उतरून आम्ही गेलो. पहिली जागा म्हणजे कुणा गोऱ्या साहेबानं बांधलेला बंगला. समोर सुरूची झाडं, त्यांच्या पलीकडं लांबच लांब वाळू, आणि मग समुद्र. बघितल्या बघितल्या माझे पायच हलेनात. इतकं पाणी! त्याला दुसरा काठच नाही!

अण्णा तर बंगल्यावर बेहद्द खूश झाले. मोठा व्हरांडा, उंच छत, मागं स्वयंपाकघर, गोड्या पाण्याची विहीर. बंगल्याच्या म्हाताऱ्या राखणदाराला ते म्हणाले, "हाच घ्यायचा. दुसरी जागा बघायची गरजच नाही."

काकू मात्र स्वयंपाकघर बघायचं सोडून वाळूवर उभी होती. डावीकडं थोड्या अंतरावर एक नदी समुद्राला मिळत होती. ती पाण्याकडं टक लावून बघत होती.

"इथलं पाणी बरं दिसत नाही," ती म्हणाली.

अण्णांनी वळून बघितलं. आम्हीही बघितलं. तिनं आपणहून मत दिलं होतं.

"पाण्याला काय झालं?"

"तो फेस बघा कुठं चाललाय. काठाकडं येत नाही, आत चाललाय. ओढ आहे पाण्याला. एवढी पोरं घेऊन इथं नको."

अण्णा हसले. "अगं, तू कधी समुद्र बघितलायस? स्वल्प पाणी आहे, गुडघ्याएवढं." आणि ते दाखवायलाच म्हणून धोतर वर खोचून पाण्यात शिरले.

खरंच गुडघ्याएवढं पाणी होतं. अण्णा चार पावलं गेले, वळले, आमच्याकडं बघून त्यांनी हात वर केला. "बघा!" असं काहीतरी म्हणाले. पुढचं पाऊल टाकलं आणि दिसेनासे झाले.

मला वाटलं, बसले असतील. मग त्यांचं डोकं वर आलं, पण आम्ही समजत होतो त्याच्या कितीतरी पलीकडं. पुन्हा खाली गेलं. दादा "अण्णा! अण्णा!" करत पाण्यात धावले. त्यांना पोहता येत नव्हतं. राखणदारानं त्यांना कमरेला मिठी मारून धरलं आणि तो मोठमोठ्यानं कोळ्यांना हाका मारायला लागला. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून काकू गेली. पदर कमरेला खोचलेला, नऊवारीचा कासोटा घट्ट ओढून घेतलेला. ती सरळ अण्णांच्या दिशेनं गेलीच नाही. आधी बाजूला, नदीच्या तोंडापासून दूर, धावत गेली आणि मग तिनं अंग पाण्यात झोकून दिलं.

काकू पोहत होती.

लांब लांब हात टाकत, मान वर धरून, एखादी कोळीण पोहावी तशी. मी आणि दादा तोंड उघडं टाकून बघत राहिलो. भीती तर होतीच, पण त्या भीतीपेक्षाही जास्त मी चक्रावून गेले होते. रोज सकाळी जी माझी वेणी घालते ती ही नव्हे, असंच वाटत होतं.

ती अण्णांपर्यंत पोचली आणि अण्णांनी दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही खाली गेली. वर आली. पुन्हा खाली. मग काकूनं हात मोकळा करून अण्णांच्या तोंडात फाडकन लगावली. एकदा आणि लगेच दुसऱ्यांदा.

"गळा सोड! सोड म्हणते ना! उताणा हो!"

वारा आमच्याकडं येत होता. शब्द न्‌ शब्द ऐकू आला. मी दादांकडं बघितलं. दादांचा चेहरा पांढराफटक पडला होता. थोरला भाऊ बुडतोय यापेक्षा वहिनी त्याला अरेतुरे करतेय, याचा धक्का त्यांना जास्त बसला होता की काय कोण जाणे.

अण्णांचे हात सुटले. काकूनं त्यांची कॉलर मागून पकडली आणि ती किनाऱ्याकडं न येता आडवीच निघाली, किनाऱ्याला धरून, बरीच लांबपर्यंत. मग एका लाटेनं दोघांनाही उचलून वाळूवर आणून टाकलं.

आम्ही धावत गेलो. अण्णा पालथे पडून पाणी ओकत होते. काकू शेजारी बसून धापा टाकत होती. आम्हाला बघितल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर डोक्यावरून पदर घेतला.

"वहिनी," दादा म्हणाले. "वहिनी, तुम्हाला पोहता येतं?"

"आमच्या गावात सगळ्यांना येतं," ती नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली. "पुरातसुद्धा पलीकडं जायचो आम्ही. पाण्याशी भांडायचं नसतं, आडवं निघायचं."

"मग कधी बोलला नाहीत!"

"बोलून काय करायचं होतं, भावजी? बंगळूरात हलसूरच्या तळ्यात उतरू देणार होता का मला?"

दुसरी जागा बघायला दुसऱ्या दिवशी अण्णा आले नाहीत, आम्ही तिघंच गेलो. टेकडीच्या आडोशाला एक छोटी वळलेली खाडी होती, तिथं नारळीत लपलेलं एक जुनं कौलारू घर. व्हरांडा नाही, ऐसपैसपणा नाही. काकू आधी एकटीच पाण्यात कमरेपर्यंत जाऊन आली, मग आणखी पुढं गेली, तळाची वाळू पायानं चाचपली. बाहेर येऊन म्हणाली, "ही चालेल." त्यानंतर तिनं विहीर बघितली.

परतीच्या सबंध प्रवासात अण्णा खिडकीबाहेर बघत होते. काकू त्यांना पाण्याचा तांब्या द्यायची, ते घ्यायचे. नजर वर करायचे नाहीत.

घरी सगळी वाटच बघत होती. अण्णांनी पाय धुतले, चटईवर बसले आणि म्हणाले, "समुद्र रद्द. जागा चांगल्या नाहीत. म्हैसूरला जाऊ. सरी." आणि मांडीवर थाप मारली.

मुलांचे चेहरे पडले. धाकट्या काकांनी उसासा टाकला. विषय संपला होता.

"दुसरी जागा चांगली आहे," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मी पोरांना घेऊन जाणार आहे."

माझी आई हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. धाकटी काकू माझ्याकडं बघायला लागली, जणू मी काही सांगेन. त्या घरात 'सरी'नंतर कुणी बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

अण्णांनी चटईची सुटलेली काडी आत खोचली. मग दादांना म्हणाले, "त्या खाडीच्या घराचं बघ." आणि उठून दुकानात गेले.

मे महिन्यात आम्ही सगळे गेलो. दोघी आत्या, त्यांची मुलं, आमची सगळी फौज. मुलांनी कुठवर जायचं ते काकू रोज सकाळी भरती-ओहोटी बघून सांगायची, आणि मोठी माणसंही मुकाट ऐकायची. मुलींना तिनं पोहायला शिकवलं. माझ्या पोटाखाली हात धरून ती म्हणायची, "अंग सैल सोड. घट्ट झालीस की बुडालीस." एकदा तिनं हात कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही.

अण्णा वाळूवर छत्री लावून बसायचे. एका संध्याकाळी थोरल्या आत्यानं काकूकडं बघत विचारलं, "अण्णा, ही एवढी कशी धीट झाली रे?"

"हिनं मला समुद्रात दोन मुस्काटात दिल्या," अण्णा सरळ म्हणाले. "म्हणून मी तुझ्यापुढं बसलोय."

आत्याच्या तोंडातलं गूळ-खोबरं तसंच राहिलं. चहा घेऊन येणारी काकू जागच्या जागी थिजली. अण्णांनी पुढं होऊन तिच्या हातातला ट्रे घेतला. तेही घरात कुणी कधी बघितलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं, बस यायला थोडा अवकाश होता. काकू कुणालाही न सांगता पाण्यात उतरली. आधी जवळच होती, मग लांब गेली, इतकी लांब की लाटांमध्ये नुसता एक काळा ठिपका दिसत होता. आत्या घाबरून हाका मारायला लागली. अण्णांनी तिला हातानंच गप्प केलं. प्रवासाचं कोरं धोतर नेसलेले अण्णा वाळू उतरून खाली गेले आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. बस आली, तिनं भोंगा वाजवला, मुलं ओरडायला लागली. अण्णा मागं न बघता तसेच उभे होते. काकू मनसोक्त पोहून, सावकाश, तिच्या वेळेनं परत आली.